चार बोल्ट आणि एक माकडहाड

१४ जून

ती. मामा,

कृ. सा. न. (साष्टांग मनातल्या मनात. प्रत्यक्षात मघापासून गाडीत उपडी पडले होते, तेच धरून चालावं.) वि. वि.

तुम्ही शिवलेली सीट गेल्या आठवड्यात पोचली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते. काळं कापड, लाल शिवण, दोन्ही बाजूंना उंच कडा, एकदम झकास! तुमच्या जावयांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि घरात एवढी देखणी वस्तू आली ती आपल्या वाट्याला का नाही, असं विचारलं.

आमचा नेम असा आहे. आठवडाभर गाडी संसाराची. मी तिच्यातून चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाते, हे बाजारहाट करतात. शनिवारी दुपारी ड्रायव्हरची मऊ सीट काढायची आणि तुमची बसवायची. चार बोल्ट आणि सीटखालची एक वायर, पंचवीस मिनिटांचं काम. मला पहिल्या दिवशी दोन तास लागले, ते सोडा. रविवारी सकाळी जुन्या विमानतळाच्या बंद धावपट्टीवर शंकू मांडतात, एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बेकरीवाला आहे, सगळे हौशी. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा मऊ सीट आत. मऊ सीटवर वळणं घेतली की मी दाराला जाऊन चिकटते, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता तक्रार. बसायच्या जागी मागच्या बाजूला एवढा खड्डा का हो? मी आत रुतते आणि वळणावर डुगडुगते. सध्या टॉवेलाची घडी कोंबून भागवते. वर्षातली शेवटची मोठी शर्यत वीस सप्टेंबरला आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी डोक्यात हे खूळ शिरलंय तर एकदा तरी पहिल्या दहांत यायचंच, असं मी ठरवलंय.

घरची बातमी चांगली नाही. सासूबाई पंखा पुसायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. माकडहाडाला तडा गेलाय. चाळीस वर्षं टायपिंगच्या क्लासात ताठ बसून शिकवलेली बाई, आता बसूच शकत नाही. ओट्यापाशी उभ्याने जेवतात, भिंतीकडे तोंड करून. आम्ही दोघं टेबलाशी, आणि आमच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांच्याशी काय बोलावं हे मला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही. भांडण कधीच नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. आता तर त्या पाठमोऱ्याच असतात.

माया आहे तेवढी असू द्या, खड्डा मात्र भरून द्या.

तुमची,
भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस,

अनेक उ. आ.

गुन्हा कबूल. कुठलीही सीट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी स्वतः तिच्यावर तासभर बसतो आणि बोचेल तिथला फोम कापतो. बत्तीस वर्षांची सवय आहे. तुझ्या सीटवर बसलो, माकडहाडापाशी बोचलं, कापलं. पुन्हा बसलो, पुन्हा कापलं. भाची माझ्या निम्मी आहे हे डोक्यातच आलं नाही. थोडक्यात, तुझ्या नावाने मी माझीच सीट शिवली. तुझी मामी हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली आहे.

सीट पाठवून दे, आठ दिवसांत भरून देतो. वीस सप्टेंबरला भरपूर वेळ आहे.

विहीणबाईंचं वाचून वाईट वाटलं. माणसाने भिंतीशी जेवू नये. तुझी आई असती तर या शर्यतीपायी आधी तुला चांगली झापली असती आणि मग सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली असती. तिची आठवण आली, म्हणून लिहिलं.

मामाला धारेवर धरत जा, पण विसरू नकोस.

तुझा,
मामा

६ जुलै

ती. मामा,

कृ. सा. न. वि. वि.

खड्ड्याला हात लावू नका! सीट मी पाठवत नाही.

झालं असं. मागच्या रविवारी सीट तुमच्याकडे पाठवायची म्हणून दिवाणखान्यात दोन फळ्यांवर ठेवली आणि गोणपाट शोधायला माळ्यावर चढले. खाली आले तर सासूबाई सीटमध्ये. दोन्ही कडांवर हात टेकून हळूहळू उतरल्या असाव्यात. मी घाबरून त्यांना उठवायला धावले, तर त्यांनी हाताने थांबवलं. दोन्ही कडा चाचपून पाहिल्या. मग म्हणाल्या, "इथे दुखत नाही."

मामा, तुमच्या आणि सासूबाईंच्या बैठकीचं माप एकच आहे. हे तुम्ही मनावर घेऊ नका आणि त्यांना तर मुळीच कळवू नका.

ह्यांनी त्याच दिवशी लाकडी घोडी ठोकून दिली. आता सीट जेवणाच्या टेबलाशी असते. पहिल्या दिवशी सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि महिन्याभरात प्रथमच भाजीला मीठ कमी असल्याचं सांगितलं. आम्हाला कोण आनंद झाला!

पण आता माझी पंचाईत झाली आहे. परवा शनिवारी मी सीट काढून गाडीत बसवली.  त्यांनी ताट उचललं आणि ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. काल धावपट्टीवर मला ती पाठच दिसत होती, पाच शंकू उडवले. तेव्हा ठरवलंय. वीस सप्टेंबरची शर्यत रद्द. सीट टेबलाशीच राहील. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू, पण तिथे त्यांना उभं ठेवून इथे मी ऐटीत बसायचं, हे माझ्याने होणार नाही.

राग येईल तेवढा येऊ द्या, त्याच्याखाली माया असतेच.

तुमची,
भिंगरी

१५ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक उ. आ.

तुझ्या मामीने पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, मापाचा भाग दोनदा.

रद्दबिद्द काही करायचं नाही. विहीणबाईंसाठी मी दुसरी सीट शिवतो. या खेपेला माझं माप बरोबर कामाला येईल. अडचण एवढीच की माझा उजवा खांदा आखडलाय आणि डॉक्टरांनी मशीनला हात लावायला बंदी केली आहे. सप्टेंबर संपेपर्यंत काही जमत नाही. तोवर एकीत दोघींनी भागवा.

आणि काय गं, त्यांना विचारलंस का? एवढा मोठा त्याग करतेस तर ज्यांच्यासाठी करतेस त्यांच्या कानावर तरी घालायचा. तुझ्या आईचीही हीच खोड होती. गुपचूप सोडून द्यायची आणि मग महिनाभर भांडी आपटायची.

उत्तर लवकर दे, नाहीतर मी फोन करीन आणि तुझंच नुकसान होईल.

तुझा,
मामा

२३ ऑगस्ट

ती. मामा,

कृ. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान धरते. तुमचं ऐकलं आणि विचारलं. सासूबाई इतक्या चिडल्या की मी दोन पावलं मागे सरकले. तरुणपणी त्यांनी टायपिंगच्या वेगाच्या स्पर्धेत नाव घातलं होतं. चार महिने सराव केला, आणि ऐन दिवशी घरी पाहुणे आले. जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यांनी आपणहूनच जायचं टाळलं. त्या पाहुण्यांवर त्यांचा राग अजून आहे. मला म्हणाल्या, "माझ्यासाठी घरी बसलीस तर तुला आयुष्यभर माफ करणार नाही."

तेव्हा अदलाबदल चालू. आता बुधवारी संध्याकाळीही सराव असतो, म्हणजे आठवड्यातून दोनदा. टेबलाच्या घोडीलाही गाडीचेच चार बोल्ट लागतात. सीट जरा हलली तर सासूबाईंना चालत नाही, आणि वर वजन असल्याशिवाय बोल्ट नीट बसत नाहीत. म्हणून त्या वर बसतात आणि मी पाना घेऊन टेबलाखाली पडते. वरून त्या टॉर्च धरतात आणि चौकशी करतात. पहिलं वळण कसं घेतलं, मग पुढे काय झालं, ब्रेक कुठे लावला. क्लासातलं जुनं स्टॉपवॉच त्यांनी शोधून काढलंय. तिसऱ्या वळणाला मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून आधीच पाय उचलते, हे त्यांनी न बघता ओळखलं. टंकलेखनात पोरी अवघड अक्षराच्या आधीच अडखळतात, तसंच म्हणे. मीही कायकाय सांगत बसते. दुकानातल्या खाष्ट गिऱ्हाइकांचं, आईच्या आजारपणाचं, जे ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. पंचवीस मिनिटांचं काम दीड तास चालतं. हे अधूनमधून डोकावतात आणि आज जेवण मिळणार आहे का, असं विचारून जातात.

या गप्पांनी एकदा दगाही दिला. एका शनिवारी मी गाडीत सीट बसवत होते आणि त्या दाराशी उभ्या राहून बोलत होत्या. बोलण्याच्या नादात तीनच बोल्ट लावले, चौथा त्यांच्या मुठीत राहिला. रविवारी तपासणीच्या माणसाने सीटखाली हात घातला आणि मला तिथल्या तिथे घरी पाठवलं. बरोबरच होतं त्याचं.  घरी आले तर सासूबाई तळहातावर बोल्ट घेऊन फाटकात उभ्या, डोळ्यांत पाणी. तेव्हापासून चारही बोल्ट मोठ्याने मोजायचे, मोजून होईपर्यंत दुसरा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा कायदा आहे.

खांद्याला शेक देत चला आणि आमच्यावर जीव ठेवा.

तुमची,
भिंगरी

२२ सप्टेंबर

श्री. मामा यांना,

स. न. वि. वि.

आपल्याला पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून आधी आभार. आपली सीट नसती तर मी अजून भिंतीशी जेवत असते.

सूनबाईची शर्यत परवा पार पडली. चौदांत नववी आली! मी तिसऱ्या वळणापाशी सकाळी नऊपासून चारपर्यंत उभी होते. शेवटच्या फेरीत तिने तिथे पाय उचलला नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ते दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणवली होती. मी बसले नाही. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

माझं दुखणं थांबलंय. महिना होत आला. मी कुठेही बसू शकते, पण घरात हे कुणालाही सांगितलेलं नाही.

आपण माझ्यासाठी दुसरी सीट शिवणार आहात. ती आली की एक टेबलाशी राहील आणि एक गाडीत. मग सूनबाई टेबलाखाली कशाला येईल? एकोणीस वर्षं एका घरात राहतोय. सकाळी तिला घाई, संध्याकाळी मला क्लास, पुढे क्लास सुटला तरी सवय काही सुटली नाही. खरं सांगते, मला माझी सून कळली ती तिचे नुसते पाय दिसत असताना.

तेव्हा दुसऱ्या सीटची घाई करू नका. खांद्याला जपा. सत्तरी उलटलेल्या बाईने असं नाटक करावं याची लाज वाटते, पण फार नाही. हे आपल्यातच राहावं.

वहिनींना नमस्कार. नव्या ओळखीत जुन्यासारखा लोभ धरावा.

आपली,
विहीणबाई

२२ सप्टेंबर

ती. मामा,

कृ. सा. न. वि. वि.

नववी! पहिल्या दहांत! तिसऱ्या वळणाला डोळे मिटावेसे वाटत होते, पण तिथे सासूबाई उभ्या होत्या, मग मिटते कशी?

आता एक गोष्ट सांगते, ती मामीलाही सांगू नका, नाहीतर गावभर होईल. तीन आठवड्यांपूर्वी मी दुकानातून लवकर घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर सासूबाई साध्या लाकडी स्टुलावर, पायावर पाय टाकून, मजेत मटार सोलत बसल्या होत्या. मी आल्या पावली फाटकापर्यंत मागे गेले, खोकले, चपला आपटल्या आणि बेल दाबून उभी राहिले. दार उघडलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून कण्हत होत्या. मी विचारलं की फार दुखतंय का. त्या म्हणाल्या की आज जरा जास्तच आहे. मी मान डोलावली.

मामा, तुमची बहीण गेल्यापासून मला कुणी 'मग पुढे काय झालं' असं विचारलं नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा विचारतात. मला त्याची फार गरज होती, हे मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून पाया पडून सांगते, दुसरी सीट शिवू नका. कुणी विचारलं तर खांदा अजून आखडलेलाच आहे म्हणा.

या वर्षीच्या शर्यती संपल्या. आता जानेवारीपर्यंत गाडीत ती सीट बसवायची काहीच गरज नाही. सासूबाईंच्या हे लक्षात आलेलं नाही, किंवा आलंय. मघाशीच त्यांनी विचारलं की उद्या बुधवार, तर पाना कुठे ठेवलास. मी लगेच काढून दिला.

माया चालू ठेवा, मशीन बंद ठेवा.

तुमची,
भिंगरी