आत्याबाईंचं ऐकणं

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१२ डिसेंबर १९९३

चि. म्हाळसास,

सूर्यभानदादाचा अनेक आशीर्वाद. मुंजाबा दाजी गेल्यापासून तुझ्या नावामागं गं. भा. लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं चिरंजीव लिहितो. पोस्टमन हसला तर हसू दे.

इकडं आम्ही खुशाल. चिकलठाण्यात नव्या कंपन्या उघडायल्यात, आमच्याकडं तिन्ही पाळ्या चालू. विद्यापीठाच्या नामांतरावरून एकाच मशीनवरचे दोघं एकमेकांशी बोलंनात. आज बंद, उद्या मोर्चा. यष्टी मिळंल तशी ये, पण ये.

घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं परत लिहितो, कारण तू तेव्हा भिंतीकडं बघत बसली होतीस. टेम्पो उलटला त्यात दाजी गेले अन् तुझ्या डोक्याला मार बसला. डोळ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटली, तिचं रक्त शेजारच्या शिरेत घुसतंय. म्हणून डोळा लाल होऊन बाहेर आलाय, अन् डोक्यात सूं सूं होतं तेही त्याच्यानंच. मुंबईला जांघेतून बारीक नळी घालून पार तिथपर्यंत नेतात अन् एवढासा फुगा बसवून भोक बुजवतात. डोकं उघडत नाहीत. उशीर केलास तर डोळा गेला म्हणून समज.

अन् तुझ्या सासूनं, आत्याबाईंनी, तापल्या लोखंडानं कानामागं डाग दिला म्हणे, चक्री लागून गोल गोल फिरणाऱ्या मेंढराला देतात तसा! अगं, तू काय मेंढरू हायेस? ऐकून माझं डोकंच फिरलं.

बिरोबा तुला अक्कल देवो. रागावतो, तरी दादावर माया असू दे.

तुझा दादा
सूर्यभान

पाचोड
२८ डिसेंबर १९९३

ति. दादास,

म्हाळसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्र पोचलं. इकडं आहे तसं आहे. मेंढरं नीट आहेत.

आत्याबाईंचा राग करू नको. त्यांनी जन्मभर तेच औषध पाहिलं. डाग द्यायला माझं डोकं मांडीवर घेतलं अन् खाली वाकल्या, तर त्यांना आतला आवाज ऐकू आला. म्हणाल्या की माझा मुंजा बोलतोय. टेम्पोत आम्ही शेजारी बसलो होतो ना. जाता जाता ह्यांचा जीव माझ्या डोक्यात शिरला, असं त्यांना वाटतं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला माझ्या कानशिलाला कान लावून बसतात. कुठली मेंढी व्याली, कुणाचं भांडण झालं, सगळं लेकाला सांगतात. मग भाकरी खातात. त्याआधी अन्नाला शिवत नव्हत्या.

मला काहीच वाटत नाही, दादा. रडू नाही, भूक नाही. एकाचं दोन दिसतं तेवढंच. पण फुगा बसवून आवाज गेला तर म्हातारीचा लेक दुसऱ्यांदा जाईल, अन् ह्या वेळी तो मी घालवलेला असेल. एक डोळा गेला तर दुसरा आहे. मी येत नाही.

वहिनीला नमस्कार. आहे तशी माझी आठवण ठेवा.

तुझी
म्हाळसा

मुकुंदवाडी
३० जानेवारी १९९४

चि. म्हाळसास,

दादाचा आशीर्वाद. तुला पाचोडला सोडून आलो तेव्हापासून चिठ्ठी नाही, हे काय? डोळा जागेवर बसला का?

मी जीप घेऊन आलो अन् तुला जवळजवळ उचलूनच नेलं, त्याचा राग असंल तर असू दे. मुंबईच्या डॉक्टरांनी तुझ्या मिटल्या पापणीवर टेथास्कोप ठेवून मलाही आवाज ऐकवला. खरं सांगतो, घटकाभर मलाही दाजीच वाटले. फुगा बसला तेव्हा तू जागी होतीस. बाहेर आल्यावर आवाज थांबला एवढंच म्हणालीस अन् भिंतीकडं तोंड केलंस. मी पेढे आणायला निघालो होतो, तुझ्या वहिनीनं हात धरून बसवलं.

आपण तिकडं होतो अन् इकडं विद्यापीठाचं नाव बदललं. एका गल्लीत गुलाल, दुसऱ्या गल्लीत दारं बंद. आता कंपनीत जरा बोलायलेत लोक.

एक काम माझ्याच्यानं झालं नाही. आत्याबाईंना मी डोळ्याचं दुखणं एवढंच सांगितलं, आवाजाचं बोललोच नाही. तू सांग बाई. लपवू नको.

लवकर लिही. वाट बघायला लावू नको.

सूर्यभान

पाचोड
२० फेब्रुवारी १९९४

ति. दादास,

म्हाळसाचा नमस्कार. डोळा बसला. आता एकाचं एकच दिसतं.

मी सांगितलं नव्हतं. आले त्याच दिवशी दिवे लागल्यावर आत्याबाई कान लावून बसल्या. ओठ मिटून घशातल्या घशात मीच सूं सूं केलं, नाडीच्या ठेक्यावर. त्यांनी राहिलेलं सगळं सांगितलं अन् पोटभर जेवल्या. मग रोज तेच. माझा घसा सोलून निघाला.

परवा तसंच चाललं होतं. त्यांनी कान काढला नाही, नुसता माझ्या गळ्यावर हात ठेवला. म्हणाल्या की पोरी, पुरं कर आता, घसा फुटंल. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मुंजा कधी दम घ्यायला थांबत नव्हता, म्हणाल्या. मी विचारलं की मग इतके दिवस का ऐकलंत. तर म्हणाल्या की तू एवढ्या जिवानं करत होतीस, मोडू वाटंना.

दादा, मग मला रडू आलं. आत्याबाईही रडल्या. टेम्पो उलटल्यापासून आम्ही दोघी ह्यांच्यासाठी रडलोच नव्हतो.

तू अन् वहिनी एकदा येऊन जा. आम्हा दोघींवर जीव असू द्या.

तुझी
म्हाळसा