प्लास्टिकची झावळी

रविवार, संध्याकाळ. राखेच्या बुधवारला तीन दिवस.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून घरी आणलेल्या झावळ्या आज परत द्यायच्या होत्या. त्या जाळून बुधवारी तीच राख कपाळाला लावतात, हे मुलाला मी लहानपणापासून शिकवलं. भिंतीवरच्या क्रूसामागची झावळी काढायला गेले, तर हाताला प्लास्टिक लागलं. हिरवंगार, पुसायला सोपं!

“जुनीचा भुगा सोफ्यावर पडून राहिला होता, मम्मी. दिली कचरागाडीत,” सूनबाई म्हणाली.

आणि आमचे चिरंजीव: “काहून चिडून राहिली, आई? ही दहा वर्षं टिकते.”

टिकते म्हणे! जी जळत नाही तिची राख कुठून आणणार? यांना भक्ती हवी, फक्त झाडू मारायला नको.

ती झावळी ह्यांनी आणली होती, वारण्याआधीच्या शेवटच्या झावळ्यांच्या रविवारी. हाच तर बापाला गाडीवर घेऊन गेला होता. विसरला? की आठवतं, आणि काही वाटत नाही? विचारलं नाही मी. उत्तर आलं असतं तर?

दहा वर्षं टिकते.

बुधवारी माझ्या कपाळावर दुसऱ्यांच्या घरच्या झावळ्यांची राख लागेल. आमच्या घरातून यंदा काहीच गेलं नाही.