करंजाड्याच्या पाटीवरचा श

३ फेब्रुवारी २०२५
करंजाडे. नव्या मेडिकलची पाटी. तो श माझा! गाठीखाली बारीक खाच. चौतीस वर्षांपूर्वी मुबारकशेठच्या छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी मी शाईने अख्खी मुळाक्षरं काढली होती. तेव्हा एकेक अक्षर कापून, चिकटवून शब्द जुळवायचे. ब्लेड सटकलं, खाच पडली, राहिलीच. ती इथे कशी?
दुकानदार हरेश म्हणाला, "मॅडम, फॉन्ट आहे तो. नेटवर फुकट. तुम्हाला पाहिजे का?"
मला पाहिजे का!

४ फेब्रुवारी
उतरवून घेतला. क पासून ज्ञ पर्यंत टाइप केलं. खाचेसकट माझाच. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा ब्लेड, पट्टी, शाई ट्रंकेत टाकली आणि माऊस धरला. डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज मात्र चहा गार झाला तरी उठवेना.
फॉन्टच्या पानावर लिहिलंय: निर्मिती — फरहा. माझं नाव नाही.

६ फेब्रुवारी
छापखान्यात गेले. मुबारकशेठ आता नाहीत. त्यांचा मुलगा अबरार बसतो.
"भावनाबाई, अब्बांच्या कपाटात कागद होते ते. फरहाने नेले, माझ्या मुलीने."
मला विचारायचं नाही?
"कागदावर नाव कुठे होतं? घरात सगळे 'बाईंची अक्षरं' म्हणायचे, बस."
खरं आहे. पत्रिकेवर आम्ही नाव टाकत नसू. आता हवं आहे. या वयात — हो, हवंच आहे.

८ फेब्रुवारी
फरहा आली. तेवीसची. चपला नीट लावून ठेवल्या, हे बरं. तरी खडसावली.
"आजच टाकते तुमचं नाव, बाई. खरंच."
मग म्हटलं, दाखव कसं करतेस. स्क्रीनवर चार ठिपके ठेवते, एक ओढते, रेघ वळते! हाताला हे वळण यायला मला दोन वर्षं लागली होती. मी किती प्रश्न विचारले — तीन तास गेले.
"ती खाच हुबेहूब आणायला दोन दिवस घालवले, बाई. तुमची स्टाइल ना!"
चूक आहे ती, म्हटलं. तिचा चेहरा! हसायचं नव्हतं, हसले.

९ फेब्रुवारी
फरहाने कपाटातला उरलेला गठ्ठा आणून दिला. आत ट्रेसिंग पेपर. होड्यांवर रंगवलेल्या नावांवर लावून मी पेन्सिलीने गिरवलेली तीच अक्षरं. कोपऱ्यात माझ्याच हाताने — 'मोरा बंदर. रंगारी धर्मराज.'
फोन केला तिला. माझं नाव काढ, त्यांचं टाक.
मीही त्यांना विचारलं नव्हतं.