बिअरच्या टाक्यांशेजारी मांडव

शनिवार, दिवेलागण

प्राचीच्या लग्नाची जागा आज बघून आलो. तळेगावच्या बाजूचं, इंग्रजांच्या काळातलं बंद पडलेलं स्टेशन. फलाटावर मांडव, तिकीटघरात नवरीची खोली. आणि मालधक्क्याच्या जागी, काचेआड, बिअर बनवायच्या तांब्याच्या टाक्या. "ताजी, इथंच बनते," मॅनेजर कौतुकानं सांगत होता. वास आंबलेल्या पिठासारखा. हे काचेला हात टेकून उभेच राहिले.

ह्यांनी दारू सोडली तेव्हा प्राची अंगणवाडीतही जात नव्हती. मग ती हॉस्टेलवर असताना कंपनीच्या एका पार्टीत ह्यांची पुन्हा सुरू झाली, आणि मोठ्या मुश्किलीनं सुटली. पोरीला दोन्ही वेळा कळू दिलं नाही. आता जागा नको म्हणायचं तर कारण काय सांगू?

"आई, गोरज मुहूर्त घेऊ. फलाटावरचे सगळे दिवे लागतात तेव्हा," ती म्हणाली. काचेवर पाटी होती, बार सायंकाळी पाचपासून. मला वाटलं, मी एकटीनंच वाचली. ह्यांचा हात अजून काचेवरच.

घरी आल्यावर चहा देताना विचारलं, जागा कशी वाटली? "छान आहे," म्हणाले. मग कप खाली ठेवला. आयुष्यभर मुहूर्ताला थोतांड म्हणणारे हे!

"भटजींना सकाळचा मुहूर्त काढायला सांग," म्हणाले. "पोरीला काय सांगायचं ते सांग, पण सकाळचाच."