पेटी पंधरा ऑगस्टलाच उघडेल

३ जुलै १९७८, सोमवार

मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतला. भोसरीहून दिघीकडे जाताना माळावर ही शाळा. चार खोल्या, एकशे अठ्ठावीस मुलं, माझ्यासकट शिक्षक चार, शिपाई एक. शिपायाचं नाव दत्तोबा. वय रजिस्टरमध्ये चोपन्न, चेहऱ्यावर सत्तर. जुन्नरकडून बदली झाली तेव्हा लोक म्हणाले, ही बदली नव्हे, शिक्षा आहे. लोकांना मी कळलो नाही. इथले पालक कंपन्यांत कामाला, म्हणजे घड्याळावर चालणारी माणसं. अशा माणसांना शाळेशी जोडायला माझ्यासारखाच हवा.

संकल्प: पंधरा ऑगस्टपर्यंत प्रत्येक घराशी शाळेचं नातं. त्या दिवशी विस्तार अधिकारी येणार आहेत.

दुपारी टेकडीपलीकडे धडाधड आवाज झाले, खिडक्या थरथरल्या. दत्तोबा म्हणाला, चांदमारी हाय गुर्जी, लष्कराची मान्सं नेम धरत्यात. गणिताच्या तासाला हे बरं नव्हे. तक्रारअर्जाचा मसुदा केला. मसुदा उत्तम झाला आहे.

७ जुलै, शुक्रवार

पहिली पालक सभा. वेळ दुपारी चार. उपस्थिती सहा. त्यातल्या दोघी शाळेच्या नळाला पाणी आलं का बघायला आल्या होत्या.

तिसरीच्या बाई इंदुताई कासारवाडीहून येतात. त्यांचं म्हणणं, चारला सेकंड शिफ्टवाले कंपनीत असतात, फर्स्ट शिफ्टवाले नुकते घरी येऊन आडवे झालेले असतात, आणि नाइटवाले अजून उठायचे असतात. मी म्हटलं, शाळेची वेळ शाळा ठरवेल, कंपनी नाही. गैरहजर पालकांना मुलांच्या हाती नोटिसा धाडल्या. इंदुताई यादीतल्या एका नावावर बोट ठेवून काही सांगू लागल्या. भिवा म्हणून कोणी, त्यांच्या वर्गातल्या कस्तुराचा बाप. त्यांना तिथेच थांबवलं. एकाला सूट दिली की बाकीचे डोक्यावर बसतात.

१३ जुलै, गुरुवार. सायंकाळ.

आज गृहभेटी. सकाळी अकराला बबनरावांच्या दारावर थाप मारली. हे एका कंपनीत टर्नर आहेत. पाच मिनिटांनी टॉवेल गुंडाळून बाहेर आले, डोळे लालभडक. नाइट करून आलो हाय साहेब, आत्ता कुठं डोळा लागला व्हता, म्हणाले. त्यांना पालकत्वावर दहा मिनिटं मार्गदर्शन केलं. जांभया देत का होईना, ऐकून घेतलं. भूक आहे लोकांना.

पुढे भिवाचं घर, वस्तीच्या टोकाला, टेकडीच्या अंगाला. भिवा नव्हता. बायको सोजरबाईही कामाला गेलेली. कस्तुरा एकटीच, भाकरी थापत होती. वय नऊ. शाळेची वेळ झालेली, म्हणून समज दिली. भिंतीवर फोटो होता, मोठा, हार घातलेला. हे कोण विचारलं तर म्हणाली, दादा. म्हणजे वडील. हार वाळला होता, पण कंपनीत सत्कार झालेला दिसतो. असा गुणी कामगार आणि शाळेकडे पाठ! माझी नोटीस फोटोच्या मागे नीट खोचून ठेवलेली होती. म्हणजे गांभीर्य पोचलं आहे.

१७ जुलै, सोमवार

कल्पना सुचली. पालक येता-जाता गाठतात आणि अर्धंमुर्धं काहीतरी बोलतात. वेळ जातो, नोंद राहत नाही. आजपासून सूचनापेटी. पत्र्याची, कुलपाची, व्हरांड्यात टांगलेली. किल्ली माझ्या जानव्याला. वर पाटी लावली: तोंडी सूचना ऐकल्या जाणार नाहीत. पेटी पंधरा ऑगस्टलाच, विस्तार अधिकाऱ्यांच्या हस्ते उघडेल.

इंदुताई म्हणाल्या, निम्म्या आयांना लिहिता येत नाही. मी म्हटलं, मग मुलांकडून लिहून घ्यावं, तेवढंच शुद्धलेखन सुधारेल. त्या पुन्हा भिवाचं नाव काढू लागल्या. मी पेटीकडे बोट दाखवलं.

२२ जुलै, शनिवार

दुसरी सभा. उपस्थिती चार. नळाला पाणी नव्हतं.

भिवा सलग दुसऱ्यांदा गैरहजर. स्वतंत्र नोटीस, जरा कडक शब्दांत: आपणास आपल्या मुलीच्या भवितव्याची काडीचीही पर्वा नसल्याचे दिसून येते. कस्तुराने नोटीस वाचली, घडी घातली, दप्तरात ठेवली. अक्षर न अडखळता वाचते. इंदुताईंनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मत्सर.

२७ जुलै, गुरुवार

लोक शाळेत येत नाहीत तर त्यांचं काम शाळेत आणायचं! प्रदर्शन: ‘माझ्या वडिलांच्या हातचा जॉब’. इथे कंपनीत जो भाग घडवतात त्याला जॉब म्हणतात. प्रत्येक मुलाने बापाने केलेला एकेक जॉब घरून आणायचा. मी टाकाने लेबलं लिहिणार. पंधरा ऑगस्टला मांडणी. वर्गावर्गात जाऊन सांगितलं, जो आणणार नाही त्याच्या बापाचं नाव फळ्यावर.

कस्तुराने विचारलं, दादांनी केलेला नाही पण आणलेला असला तर चालेल का. मी म्हटलं, अगं, सगळेच कंपनीतून आणतात. मुलांना किती समजावून सांगावं लागतं!

३१ जुलै, सोमवार

जॉबच जॉब! नट, बुशिंगं, गिअर, एक आख्खा स्क्रू जॅक. (बापाला कंपनीच्या गेटवर कोणी अडवलं नाही, याचं नवल वाटलं.)

सर्वांत देखणा जॉब कस्तुराचा. वीतभर लांब, हातात भरेल असा जाड, एका टोकाला निमुळता होत गेलेला, बुडाशी तांब्याची पट्टी. काय फिनिशिंग! मातीत पुरलेला होता म्हणे, तिने राखेने घासघासून चकचकीत केला आणि दप्तरात घालून मैलभर चालत आणला. कुठल्या कंपनीचा विचारलं. म्हणाली, टेकडीमागं. नवी कंपनी निघालेली दिसते. लेबल लिहिलं: ‘श्री. भिवा यांच्या हातचा जॉब’. ती लेबलाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मलाही भरून आलं. नातं असं जुळतं.

तूर्त माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून.

३ ऑगस्ट, गुरुवार

दत्तोबा आठवडाभर तापाने घरी. टोल वाजवायचा दांडाही गायब, कोणी भंगारात घातला असणार. कडुनिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा दगडाने वाजवून पाहिला, मुलं हसली. मग भिवाचा जॉब हाती घेतला. सुरेख! मुठीत बसतो. निमुळत्या टोकाने मारला तर आवाज दूर टेकडीपर्यंत जातो. आता दिवसातून सहा वेळा कामगाराचे श्रम शाळेत घुमतील. भाषणात हे वाक्य घ्यायचं.

४ ऑगस्ट, शुक्रवार

मधल्या सुट्टीचा टोल देत होतो तर एक बाई माळावरून धावत आली. सोजरबाई, कस्तुराची आई. झाडापासून वीस पावलांवर थांबली, पुढे येईना. केवढा हा शाळेचा दरारा! हात जोडून म्हणाली, गुर्जी, त्ये खाली ठिवा, हळू ठिवा. पोरीनं मला न इचारता उकरून आनलं. त्या लोखंडानं माझं घर खाल्लं, गुर्जी.

मला सगळं कळलं. ओव्हरटाइम. नवरा दिवसरात्र कंपनीत, बायको एकटी. म्हटलं, बाई, पुढच्या करारात बरी वाढ मिळेल, धीर धरा. आणि वस्तू आता शाळेच्या रजिस्टरात चढली आहे, पंधरा ऑगस्टनंतर मिळेल. ती रडत काहीतरी सांगत राहिली. मी पेटी दाखवली. म्हणाली, मला लिवता येत न्हाई. म्हटलं, लिहून घ्या कोणाकडून तरी. नियम तो नियम.

जाताना कस्तुराला वर्गातून ओढत घेऊन गेली. गैरहजेरी मांडली.

७ ऑगस्ट, सोमवार

पेटीत बऱ्याच चिठ्ठ्या पडलेल्या दिसतात. फटीतून डोकावलो तर खचाखच. अभियान रुजलं! उघडायचा मोह झाला, आवरला.

हजेरी कमी आहे. एकशे अठ्ठावीसपैकी एक्क्याण्णव. साथ असावी.

आज टोल दोनदा जास्त वाजवला, गैरहजर मुलांना घरी ऐकू जावा म्हणून.

९ ऑगस्ट, बुधवार

दत्तोबा कामावर आला. मी पहिला टोल देत होतो. फाटकातच त्याच्या हातातला डबा पडला. गुर्जी, ह्यो गोळा हाय, चांदमारीचा, न फुटलेला, असं म्हणाला आणि जागीच बसला. मी शांतपणे लेबल दाखवलं. तो म्हणाला, भिवा ह्येच येचायला जात व्हता टेकडीमागं. मला त्याच्या आजारपणाची शंका आली. तापात माणूस बरळतो. रजिस्टरमध्ये ‘जॉब’ अशी नोंद, खाली माझी सही. आता गोळा म्हणायचं तर खाडाखोड करावी लागेल आणि ती विस्तार अधिकाऱ्यांच्या नजरेला पडेल. दत्तोबालाही पेटी दाखवली. तो उठला आणि वळून न बघता वस्तीकडे चालता झाला. एवढा वेगाने चालताना त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी बबनराव आले. दारातूनच टेबलावर नजर टाकली. टर्नर माणूस, जॉबची पारख असणार, म्हणून जवळ बोलावलं. ते आले नाहीत. चेहरा पांढराफटक. एवढंच म्हणाले, साहेब, आता त्याला हात लावू नका, माझी शप्पथ हाय. मग स्वतःच्या दोन्ही मुलांना वर्गातून काढलं, मागोमाग इंदुताईंचा सगळा वर्ग. इंदुताईही गेल्या. जाताना दार लोटलंसुद्धा नाही, हळूच सोडून दिलं.

पाचचा टोल द्यायला निघालो होतो. हातात घेतला आणि पहिल्यांदा वाटलं, हा थोडा जड आहे. परत टेबलावर ठेवला. हळू ठेवला. उगीच.

१० ऑगस्ट, गुरुवार

हजेरी: शून्य.

एकटाच बसलो आहे. समोर तो. वाऱ्याने कागद उडत आहेत, पण तो उचलून त्यांच्यावर ठेवावासा वाटत नाही. टेकडीपलीकडे आज आवाज नाहीत. इतकी शांतता कधी नव्हती. खुर्ची सरकवली तर तिचा आवाज केवढा झाला.

११ ऑगस्ट, शुक्रवार

लष्कराची जीप आली. हवालदार खिडकीतून एकदाच डोकावला आणि मला हाताने खूण केली: उठा, काही ओढू नका, काही पाडू नका. बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे, बांधलेल्या दोरामागे, सगळी वस्ती. नाइटवाले, सेकंडवाले, फर्स्टवाले. सवयीने मोजले. दोनशेच्या वर. इतकी मोठी पालक सभा या शाळेत झालेली नसेल. मी दोराखालून पलीकडे गेलो. लोकांनी बाजूला सरकून जागा दिली.

वाळूच्या पोत्यांत घालून त्यांनी तो टेकडीखाली नेला. अर्ध्या तासाने आवाज आला. ऑफिसच्या दोन काचा फुटल्या. माती दुपारभर माझ्या जिभेवर होती.

हवालदाराने विचारलं, ह्याला किती दिवस हात लावलात? मी हिशेब केला. दिवसातून सहा टोल, सात तारखेला दोन जादा, प्रत्येक टोलाचे पाच-सहा ठोके. आकडा त्याला सांगितला नाही. इथेही लिहीत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार. सकाळची शाळा, मुलं नाहीत.

विस्तार अधिकाऱ्यांचा निरोप आला, कार्यक्रमाला येत नाहीत, पुढच्या आठवड्यात चौकशीला येतील.

पेटी उघडली. एकवीस चिठ्ठ्या. सगळ्यांत एकच गोष्ट, वेगवेगळ्या अक्षरांत. बबनरावांची कंपनीच्या गेटपासच्या मागे. त्यांनी रविवारीच टाकली होती: सोजरबाई सांगते ते खरं असेल तर कृपया ताबडतोब बघावे. इंदुताईंच्या दोन, पहिली सतरा जुलैची, पेटी बसवली त्याच दिवसाची: भिवा हा पालक मागच्या दिवाळीत चांदमारीवर भंगार वेचताना मयत झाला आहे, त्यास नोटीस देऊ नये.

शेवटी हाती आली सोजरबाईची. कस्तुराच्या अक्षरात, खाली आईचा अंगठा. गुरुजी, वेचायला जायची बंदी होती म्हणून पोलिसाच्या भीतीने मी तो गोळा पुरला. त्याच्या जोडीचा फुटला तो माझ्या मालकाला घेऊन गेला. शाळेत माझी एकच पोर आहे. चिठ्ठीला माझ्या दोन्ही नोटिसा टाचलेल्या. परत केल्यात, बाकी काही नाही.

शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

मुलं आली. सगळी नाहीत, चाळीसेक. त्यांत कस्तुरा.

ती सरळ ऑफिसात आली आणि टेबलाकडे बघत म्हणाली, दादांचा जॉब फोडला ना? हो म्हटलं. मग म्हणाली, ते लेबल तरी देता का? आईला वाचून दाखवते, दादांच्या नावाआधी श्री. लिहिलंय ते. पूर्वी कुणी लिहिलं नव्हतं.

दिलं. सांगायचं बरंच होतं. ती उभीही राहिली, ऐकायला. पेटीवरची पाटी दिसली: तोंडी सूचना ऐकल्या जाणार नाहीत.

दत्तोबाने नवा दांडा आणून माझ्या हातात ठेवला. झाडाखाली गेलो, हात वर केला. खाली घेतला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. टोल झालेला नाही. मुलं आपली आपण वर्गात जाऊन बसली आहेत.