बाबांच्या यंत्रावर

आदरणीय काका,

साथ ओसरली, तुमचा कपड्यांचा कारखाना पुन्हा सुरू झाला, तरी बाबांना तुम्ही सांगता, "दादा, मागणीच नाही, धीर धर." मग माझ्यासाठी शिलाईकाम कसे निघाले? तेही खिडकीजवळच्या, बाबांच्याच यंत्रावर आणि निम्म्या पगारात?

आई म्हणाली, "शाळेत पहिली आलीस म्हणून सगळ्यांत खोट काढशील? रक्ताचं माणूस आहे!" पण इतर जुन्या शिंप्यांच्याही मुलींनाच बोलावल्याचे कळले, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली.

हे पत्र दिले, तर तो निम्मा पगारही जाईल. म्हणून ते न देताच उद्या मी कामावर येते आहे. "काकाने तुझी तरी सोय केली," असे म्हणत बाबा मला शिवण शिकवत आहेत. यंत्र कोणते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

तुमच्यावर विश्वास ठेवू पाहणारी,
तुमची पुतणी