मिनिटाला एकदा

३ जून
चेन्नईत पोचले, आवडीची खोलीही मिळाली! घरमालकीण अन्नपूर्णाबाई तंजावरच्या मराठी, एकट्याच राहतात. आल्याआल्या म्हणाल्या, "बैस गे, काप्पी घे." प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

आमची कंपनी एकट्या म्हाताऱ्यांसाठी मनगटी पट्टा बनवते. बटण दाबलं की मदतीला फोन जातो. चाचणीचे साठ पट्टे वापरात आहेत, त्यातला एक बाईंच्या हातात. बॅटरी वाचावी म्हणून चिप झोपलेली असते; बटण दाबल्याचा इशारा, म्हणजे इंटरप्ट, तिला उठवतो. विजयेंद्र सरांनी मला सतरा नंबरचा पट्टा दिलाय. त्याची बॅटरी दोन दिवसांत का संपते ते शोधायचंय.

६ जून
सापडलं! सतरा नंबर कपाटात नुसता पडलेला असतो, तरी मिनिटाला एकदा बटणाचा इंटरप्ट येतो. बटण खराब, दुसरं काय! चिप झोपताना इंटरप्ट बंद होईल असं ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बटण सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलं. बॅटरी आता महिनाभर पुरेल. सर खूश. तेच साठही पट्ट्यांवर पाठवलं. मी टी. नगरला जाऊन साडी घेतली.

९ जून, दुपारी
बंद केलेला इंटरप्ट परत उघडायचा राहिला. माझ्याच हातून. कुणी कितीही बटण दाबलं तरी फोन जाणार नाही. दुरुस्ती तयार आहे, पण ती पट्टा चार्जिंगला लावल्यावरच उतरते.

पट्टा दर मिनिटाला बॅटरीची नोंद पाठवतो. त्या मिनिटात बटण किती वेळा दाबलं तेही तीत असतं, ती मोजणी इंटरप्टशिवायही चालते; पण वाचतं कोण? आज वाचलं. एकतीस नंबर, गिरिधर आजोबा: काल ५, ९, २. अकरा वीसपासून १, १, १, अजूनही. फोन केला. सून रडत म्हणाली, काल अकरा वीसला गेले.

सतरा नंबर कुणाचा होता, सरांना विचारलं. सुब्बा आजोबांचा. एप्रिलमध्ये वारले.

लोकलमध्ये
बाईंची नोंद: ४, ६. फोन उचलत नाहीत. शेजारी गावाला गेलेत. मी केलं हे, मी —

दारात
आतून कडी. रिक्षावाले दार तोडताहेत.
३. ०. ५. दाबताहेत, म्हणजे आहेत. बाई, आले मी —
२.
१.
१.
कडी निघाली. रिक्षावाले मला आत बोलावताहेत. थांबा, अजून एक मिनिट, पुढचा आकडा दोन येऊ दे, तीन, काहीही, फक्त —
१